मिटिंगताई

नवा हॉल बघायला गेलं की मिटिंगताई आधी थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसत. हॉटेलचा माणूस दिव्यांचं, पडद्याचं, एसीचं कौतुक सांगत असे आणि या एकेक खुर्ची बदलत, मान वाकडी करून पुढे बघत राहत. "पुढच्यांची काळजी सगळेच घेतात," त्या मला एकदा म्हणाल्या. "मागच्याला दिसतंय का, ते आपण बघायचं."

त्यांचं नाव सुनंदा परब. विक्रोळीला आमच्या पाण्याच्या पंपांच्या कंपनीत त्या विक्री विभागाचं कामकाज सांभाळत. पण विक्रेत्यांची वार्षिक मिटिंग ही त्यांची खरी ओळख. त्यामुळे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मिटिंगताईच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ही मिटिंग अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवस चाले. लोक गावोगावहून बायकोला घेऊन येत.

कुणाला साखर चालत नाही, कुणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे ताईंना पाठ होतं. सांगलीचे दोन विक्रेते एकमेकांशी बोलत नसत. ताईंनी त्यांना मुद्दाम एकाच टेबलावर बसवलं. मी घाबरलो, तर म्हणाल्या, "अरे, मीठ तरी मागतील की एकमेकांकडे."

चेंबूरच्या दळवींची बायको गेली त्या वर्षी ते एकटेच आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडप्यांचे खेळ असत. ताईंनी निवेदकाला सांगितलं की वेळ कमी आहे, खेळ गाळा. कुणालाही कारण कळलं नाही. मग स्वतःचं ताट घेऊन त्या दळवींशेजारी जाऊन बसल्या. काय बोललात, असं मी नंतर विचारलं. "चेंबूरच्या बाजारात बांगडे कसे मिळतात, ते," त्या म्हणाल्या.

मग बाजार बसला. इमारतींची कामं थांबली, पंप कोण घेणार? पुढची मिटिंग आमच्याच कॅन्टीनमध्ये, एका दिवसाची, निम्म्या लोकांची झाली. हॉटेल गेल्याबद्दल ताई चकार शब्द बोलल्या नाहीत. पण जेवणाचे डबे दारातच हातात द्यावेत, असं साहेबांनी सुचवलं तेव्हा त्या अडून बसल्या. डबे चालतील, पण माणसं बसून जेवतील, एवढंच त्यांचं म्हणणं. घरून धुतलेल्या चादरी आणून त्यांनी कॅन्टीनच्या बाकांसमोरच्या टेबलांवर घातल्या. जे कधी माइकवर कुणी बोललं नव्हतं, ते त्या दुपारी लोक डबा खाता खाता बोलले. कुणी माणसं कमी केली होती, कुणाचं दुकान मोडायला आलं होतं. साहेब हातातला घास तसाच धरून ऐकत होते.

तरी पुढच्या वर्षी मिटिंग स्क्रीनवर गेली, दर आठवड्याला तासाभराची झाली आणि कंपनीने ऑफिसचा मजलाही सोडला. आम्ही बहुतेक जण घरून काम करू लागलो. दोन वर्षांनी बाजार सावरला, मागण्या येऊ लागल्या, पण हॉल परत आला नाही. आता सगळ्यांना सवय झाली, असं साहेब म्हणाले.

ताईंकडे आता लिंक पाठवायचं काम राहिलं. त्या मुलुंडच्या घरातून इस्त्रीची साडी नेसून स्क्रीनसमोर बसत आणि सुरुवातीला एकेकाचं नाव वाचून हजेरी घेत. हजेरी आपोआप लागते, वेळ जातो, असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं. त्या हो म्हणत आणि पुढच्या खेपेला पुन्हा नावं वाचत. मिटिंग संपली की सगळे चौकोन एकदम नाहीसे होत. मग त्यांचा मला फोन येई. "कुणी निघताना रेंगाळलंच नाही रे," त्या म्हणत. हॉटेलच्या दारात निरोप घ्यायला लोकांना तास तास लागायचा.

दळवींचा कॅमेरा सतत बंद असे. नेट नीट नाही, असं ते सांगत. ताईंना ते पटेना. एका शनिवारी मला घेऊन त्या चेंबूरला गेल्या. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. दळवी मागच्या चाळीतल्या एका खोलीत सापडले. दुकान कधीच विकलं होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "लिंक यायची, म्हणून बसायचो. तुम्ही नाव घेता ना, ताई. दिवसभरात दुसरं कुणी घेत नाही."

ताईंनी ही गोष्ट कंपनीत कुणाला सांगितली नाही, मलाही सांगू दिली नाही. दळवींना लिंक जात राहिली.

पुढच्या वर्षी ठरलं, की लिंक पाठवायला वेगळं माणूस कशाला हवं? ताईंचा निरोप समारंभ स्क्रीनवर दहा मिनिटांत उरकला. आम्ही आवाज बंद ठेवून टाळ्या वाजवल्या. ताईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि स्क्रीन बंद कशी करायची ते न सुचल्यासारख्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. आधी आम्हीच निघालो.

यादी माझ्याकडे आली. चालू विक्रेतेच ठेव, असं साहेबांनी बजावलं. मी दळवींचं नाव काढलं. एक बटण दाबलं, झालं.

महिन्याभराने ताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "दळवी येतात ना रे मिटिंगला?" मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं. मी जाऊन येईन त्यांच्याकडे."

मग आवाज बदलून विचारलं, "आणि तू? जेवलंस काय रे?"

"हो ना," मी म्हणालो, "आत्ताच, सगळ्यांबरोबर."

घाटकोपरच्या माझ्या खोलीत दुपारचे तीन वाजले होते. समोर लॅपटॉप उघडा होता, आणि खाणावळीचा डबा दाराबाहेर तसाच लटकत होता.