अल्सरची फाईल

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कुणी विचारलं तर "पोटाचा आजार होता, फार दिवस काढले नाहीत" एवढंच सांगत आलो. ते खोटं नाही, पण सांगायला हवं होतं ते त्यात नाही.

माझ्या बायकोला जठराचा कॅन्सर होता. कळला तेव्हा तो पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं, ऑपरेशनचा उपयोग नाही, केमोने काही महिने मिळतील. मी म्हणालो, "तिला सांगू नका." आमच्याकडे असंच चालत आलं होतं, माझ्या वडिलांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ते पटलं नाही, पण त्यांनी माझं ऐकलं. तिला मी अल्सर सांगितला आणि कागदांवर सह्या मीच केल्या. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कागद सांभाळले होते. दोन फायली केल्या. खरी स्कूटरच्या डिकीत, अल्सरची घरात टेबलावर.

दर पंधरा दिवसांनी पुण्यातल्या बिबवेवाडीहून रिक्षाने हॉस्पिटलात जायचो. काही तास सलाईन, मग कमरेला छोटा पंप लावून दोन दिवस घरी. गार वस्तूला हात लावला की तिच्या बोटांत सुया टोचायच्या, म्हणून फ्रिजमधलं दूध मी काढून द्यायचो.

"अल्सरला एवढा थाट?" पंपाकडे बघत ती म्हणाली.

"औषध कडक आहे."

"असेल. केसांनाही अल्सर झालाय वाटतं, गळतायत."

मी पेपर उघडला. तिला कळलंच असणार, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. कळलं असतं तर तिने दिवाळीचा बेत केला नसता.

तिची धाकटी बहीण अकोल्याला होती. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघींचं बिनसलं होतं आणि नऊ वर्षं बोलणं बंद होतं. अंथरूण धरल्यापासून बायको तिचाच विषय काढायची. "बरी झाले की दिवाळीला जाते. फोनवर नाही हो. समोर बसून आधी भांडायचंय, मग जेवायचंय."

चौथ्या केमोनंतर गाठी थोड्या आक्रसल्या, पोटातलं पाणी कमी झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना कुणाला भेटायचं असेल तर आत्ताच. असे दिवस पुन्हा मिळतीलच असं नाही."

मी तिला हे सांगितलं नाही. मेहुणी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दोन प्रश्नांत तिने अल्सर निकालात काढला असता. मी बायकोला म्हणालो, "सगळे डोस होऊ देत, मग जा."

"तुमच्या ऑफिससारखंच. पुढच्या तारखेला या."

सातव्या केमोनंतर तिचं आतडं अडकलं. उलट्या थांबेनात. तेव्हा कुठे मी मेहुणीला फोन केला. ती पोचली तेव्हा बायको शुद्धीत नव्हती. मेहुणीने फाईल मागितली. मी खरी दिली. तिने ती उभ्यानेच वाचली.

"भाऊजी, तिला माहीत होतं हे सगळं?"

आयुष्यभर पेशंट सांभाळलेल्या बाईसमोर "नाही" म्हणायची मला लाज वाटली. "हो," मी म्हणालो.

"आणि तरी मला बोलावलं नाही."

ती खुर्चीत बसली. बहिणीचा हात जवळच होता, तो तिने धरला नाही. दोन दिवसांनी बायको गेली.

दोन वर्षांनी मी अकोल्याला गेलो, ते खरं सांगायला. मेहुणीने पोहे केले, माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी केली, बहिणीचं नाव काढलं नाही. मी पोहे खाल्ले आणि दुपारच्या गाडीने परत आलो. यंदा उन्हाळ्यात मेहुणीही गेली.

तिला म्हणायचं होतं ते असं: तुझ्या ताईला काही माहीत नव्हतं. मीच कळू दिलं नाही. दिवाळीला ती तुझ्याकडे येणार होती, तिला मी अडवलं. मला माफ कर.