रंगवलेलं दार

नकाशा लावायला भिंतीवर खिळा नव्हता, म्हणून मला उभं केलं.

नानासाहेबांच्या बंगल्यातला हॉल. गुळगुळीत पांढरी फरशी आणि तिच्यावर मी अनवाणी, कारण आमच्यासारख्यांनी चपला पायरीखाली काढायच्या असतात. पुण्याहून आणलेल्या आर्किटेक्टचे बूट त्याच्या पायातच होते. मी नगरपालिकेत ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. तो नकाशा मी काढलेला नव्हता. मी फक्त धरला होता. दोन्ही हात वर, कागद कपाळापासून गुडघ्यापर्यंत. मला कुणी दिसत नव्हतं, मीही कुणाला दिसत नव्हतो.

आर्किटेक्टच्या हातात काठी होती. कागदावर टेकवायची, म्हणजे माझ्या अंगावर. कारखान्याचं गेट माझ्या खांद्यावर आलं होतं. नानासाहेबांच्या वडिलांचा पुतळा मांडीवर. मधून एक सरळ रस्ता. "ही घरांची रांग डोळ्याला खुपते," तो म्हणाला, आणि काठी माझ्या बरगडीत रुतली. मी जरासा हललो.

"ए, हलू नको रे," नानासाहेब म्हणाले. "अख्खं गाव हलतंय."

सगळे हसले. मुख्याधिकारी सगळ्यांत जास्त.

नकाशा उलगडताना मी पाहिला होता. काठी रुतली तिथे माझं घर होतं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर एकच गाव बदनाम होईल आणि बाकीची सुटतील. नगर-मनमाड रस्त्याने जाताना ठिकठिकाणच्या कमानी पाहा, त्यांवरची नावं आणि आडनावं वाचा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आमच्याकडे कारखाना नानासाहेबांचा, कॉलेज त्यांचं, दूध संघ त्यांचा, नगरपालिका त्यांच्या सुनेची. निवडणुका होतात. अतिशयोक्ती नको म्हणून सांगतो, मतपेट्या कुणी पळवत नाही. पळवायची गरजच पडत नाही.

जिल्ह्याचं विभाजन होणार, अशी बोलणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. विभाजन झालं तर नव्या जिल्ह्याचं मुख्यालय आपल्याच गावात, असं नानासाहेबांनी ठरवून टाकलं. जिल्ह्याचा पत्ता नाही, पण राजधानी तयार ठेवायची. कारखान्याच्या गेटपासून पुतळ्यापर्यंत साठ फुटी रस्ता. मध्ये कारंजी. दोन्ही बाजूंच्या घरांपुढे सारख्या उंचीची, सारख्या रंगाची, कमानी काढलेली दर्शनी भिंत. लोकांनी त्याला राजपथ नाव दिलं. काहींनी चेष्टेने, बऱ्याच जणांनी मनापासून.

त्या दिवशी कागदामागे उभा राहून मी आर्किटेक्टचं भाषण ऐकलं. जगातल्या प्रत्येक मोठ्या शासकाने आपल्या राजधानीत आधी एक सरळ रेघ ओढली, असं तो सांगत होता. त्याने चार शहरांची नावं घेतली. नानासाहेब 'वा' म्हणाले.

मी ती शहरं नंतर वाचून काढली. ग्रंथालयात आणि मोबाईलवर, मिळेल तसं. त्या माणसाने खोटं काही सांगितलं नव्हतं. निम्मं सांगितलं होतं. रोमच्या हुकूमशहाला आपल्या चौकापासून कोलोसियमपर्यंत फौज मिरवायची होती. मधली वस्ती पाडली, माणसं शहराबाहेर नेऊन टाकली. बुखारेस्टमध्ये महालासाठी आणि त्याच्यासमोरच्या रस्त्यासाठी जुने मोहल्ले सपाट केले. काही जुनी चर्च पाडायला हात धजेनात, तर ती पायापासून उचलून रुळांवरून सरकवली आणि उंच इमारतींच्या मागे दडवली. देवाला मागच्या गल्लीत नेऊन ठेवलं, कारण तो रेघेत बसत नव्हता. इंग्रजांनी नवी दिल्ली आखली तेव्हा व्हाइसरॉयच्या घरापासून कोण किती लांब राहणार, हे हुद्द्यावरून आणि कातडीवरून ठरलं. म्यानमारच्या लष्कराने माळावर नवी राजधानी उभी केली. तिथले रस्ते इतके रुंद की विमान उतरावं. फक्त त्यांच्यावर माणूस नाही.

सगळीकडे एकच अक्कल. रस्ता चालायला नसतो, बघायला असतो. आणि बघणारा एकच असतो. तो गाडीत असतो.

आमच्या जिल्ह्याचं नगर शहरही एका सुलतानाने राजधानी म्हणूनच वसवलं होतं. महाल पडले, बागा वाळल्या. नानासाहेबांना इतिहासाची आवड आहे, भाषणात शेर टाकतात. एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्या वाचनात आलेली दिसत नाही.

आता माझ्या घराबद्दल. माझा बाप गावच्या लग्नात हलगी वाजवायचा. नवरदेव दारात आला की दारापाशीच वाजवायची, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. जेवण मागच्या दाराला. आई केरसुण्या बांधून घरोघर पोचवायची, तीही मागच्या दाराने. गावाबाहेर रस्त्याकडेला कुणाला नको असलेला तुकडा बापाने घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. दार पश्चिमेला येतंय, ऊन आत येईल, मागे ठेवा, असं गवंडी म्हणाला होता. बाप म्हणाला, "दार रस्त्याकडंच. दिसू दे लोकांना, आत कोन जातंय ते." पुढे गाव वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं. बाप गेला. दार राहिलं. आई रोज त्या दारात बसायची, पाय बाहेर सोडून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत.

राजपथाच्या नियमात लिहिलं होतं की मुख्य रस्त्यावर कुणाचं दार उघडणार नाही. वाहतुकीला अडथळा होतो. वाहतूक म्हणजे उसाचे ट्रॅक्टर आणि नानासाहेबांच्या तीन काळ्या गाड्या. आम्ही मागे दार पाडून मागच्या गल्लीतून ये-जा करायची. गल्ली चार फुटांची, त्यात दीड फूट गटार. मी मोजलीय. नानासाहेबांच्या मेहुण्याच्या मोटारसायकलच्या शोरूमला मात्र दार ठेवलं. काचेचं, आपोआप उघडणारं.

गवंडी आले तेव्हा आई दारात बसली होती. "आजी, सरका जरा," म्हणाले. ती सरकली. संध्याकाळपर्यंत दार काढून तिथे भिंत उभी केली. मी कामावरून आलो तर रस्त्यावर अजून ऊन होतं आणि बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"जल्मभर मागल्या दारानं गेले," ती म्हणाली. "पन ते लोकांचं घर हुतं."

मी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेलो. नोकरी होती, मुलीची फी होती. गप्प राहायला माणसाकडे कारणं नेहमीच असतात, आणि ती खरीही असतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण नुसती कोरी भिंत आर्किटेक्टला उदास वाटली. शहरातून रंगारी आणले आणि प्रत्येक घरापुढच्या भिंतीवर एक दार रंगवलं. सागवानी. पितळी कड्या. वर झेंडूचं तोरण, खाली रांगोळी, ऑइलपेंटची, पुसली न जाणारी. आमच्या दाराची एक फळी किंचित उघडी दाखवली होती आणि फटीतून पिवळा उजेड येत होता. आत माणसं सुखात आहेत, असा त्याचा अर्थ. आत माझी आई दिव्याखाली बसली होती.

पुणतांब्याहून मामा आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर कमी. तो रंगवलेल्या दारापुढे उभा राहून आईला हाका मारत होता. कडी वाजवायला हात घातला तर हाताला प्लास्टर लागलं. तो तसाच भिंत चाचपत राहिला. समोर चहाच्या टपरीवर पोरं हसत होती. एक म्हणाला, "मामा, किल्ली हाय का?" मी गल्लीतून धावत वळसा घालून येईपर्यंत मामा फुटपाथवर खाली बसला होता. घरात आला, पाणी प्याला, आणि एवढंच म्हणाला, "बहिणीचं दार सापडंना व्हय मला." गेला तो परत आलेला नाही.

मग उद्घाटन ठरलं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार. नानासाहेब त्यांना घेऊन राजपथावरून चालत जाणार आणि घरोघरच्या सुवासिनी आपापल्या दारात उभ्या राहून औक्षण करणार. दारं बंद करणाऱ्यांनीच हे ठरवलं होतं. बैठकीत एकालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने दारं होती. गाडीतून दिसत होती.

मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुणे थांबणार त्या घरांत आमचं घर निवडलंय, म्हणाले. तुमच्या वस्तीतलं एक घर हवंच, समतोल दिसतो. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत हिरवी साडी होती. "मिसेसना सांगा," ते म्हणाले, "दारातून नुकतंच बाहेर आल्यासारखं उभं राहायचं."

मी पिशवी घरी नेली. बायको अंगणवाडीत आहे, कमी बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या दारातून?"

मी मनातल्या मनात तो रस्ता चालून पाहिला. गल्लीतून गटार ओलांडून जायचं, कोपऱ्यावरून वळायचं, रस्त्याने चालत येऊन स्वतःच्याच घराच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. हातात तबक. आणि ज्याने दार लिंपलं त्याला ओवाळायचं. तेही तोंडावर हसू ठेवून, आतूनच आल्यासारखं. तिने साडी बाहेर काढलीच नाही. पिशवी तशीच माझ्या हातात परत दिली. "मी न्हाई जायची," म्हणाली. "तुमचं तुमी बघा."

त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. नानासाहेबांची नव्हे. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा कधीच नव्हती. ती पिशवी मी घरापर्यंत आणली होती, याची.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी, ऊन पश्चिमेला कलल्यावर, मी बाहेरच्या खोलीतलं सामान बाजूला केलं. आईला आत बसवलं. पहार घेतली आणि आतून भिंत फोडायला सुरुवात केली. चार इंची भिंत, कंत्राटदाराने सिमेंटही खाल्लेलं. फार वेळ लागला नाही. बाहेरून झेंडूचं तोरण अख्खंच्या अख्खं सुटून फुटपाथवर पडलं. मग कडी. मग पिवळा उजेड. आणि खोलीत खरं ऊन आलं.

लोक जमले. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "डोकं फिरलं का तुमचं?" पालिकेचे दोघे पळत आले, माझ्याच ऑफिसातले. एक म्हणाला रंगाऱ्याला बोलवा, दुसरा म्हणाला हिरवं कापड लावा. कापड आणलंही. पण तोवर आई गोणपाट घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली होती, पाय रस्त्यावर सोडून. तिच्यावरून कापड कसं लावणार? "मावशी, उठा ना," ते म्हणत राहिले. ती ऐकू येत नसल्यासारखी बसली. तिला उत्तम ऐकू येतं.

लवाजमा आला. रस्त्याच्या कडेने हिरव्या साड्यांतल्या बायका रंगवलेल्या दारांपुढे उभ्या. मध्ये विटांच्या ढिगाशेजारी खऱ्या दारात एक म्हातारी. पाहुण्यांना ते आवडलं. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. हात जोडून पुढे आले. म्हणाले, "काय आजी, रस्ता कसा वाटतो?"

"रस्ता बराय," आई म्हणाली. "घरात या, चहा घ्या. ह्या रस्त्याला दार हे एकच हाय."

पाहुणे हसले. मग त्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. मग पलीकडच्या. हसू तसंच राहिलं, पण त्याच्यात आता काही नव्हतं. ते पुढे निघाले. नानासाहेब मागे थांबले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले.

"हे तू केलं?"

"मी केलं. घर माझं आहे."

"उद्यापासून घरीच बस मग."

"दारात बसेन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला निलंबित केलं. आरोप सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा. त्यांनी माझं दार लिंपलं तो विकास. मी त्यांची भिंत फोडली तो गुन्हा. कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे मी मान्य करतो. तसा तो रोममध्येही होता.

शेजाऱ्यांनी माझ्यामागोमाग पहारी उचलल्या असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. एकानेही उचलली नाही. माझ्यामुळे सगळ्यांची भरपाई अडकेल, असं त्यांचं म्हणणं आहे. भरपाई कधी जाहीरच झालेली नव्हती. मागच्या गल्लीत मी समोरून आलो की ते भिंतीला लागून उभे राहतात आणि गटाराकडे बघतात. मुख्याधिकाऱ्यांचा निरोप घेऊन या शेजाऱ्यांतलाच एक आला होता. माफी माग, भिंत पालिका पुन्हा बांधेल, नोकरी परत मिळेल. जाताना तो सवयीने मागच्या दाराने गेला.

चौकशी लागलीय. विचारतील, भिंत कुणी पाडली. मी म्हणेन, मी. माफी मागणार नाही, कारण चूक झालेली नाही. पुन्हा बांधली तर पुन्हा पाडेन. लपून नाही, उन्हात, सगळ्यांदेखत. नोकरी गेली तर खाजगी नकाशे काढून पोट भरेन. भिंतीच्या त्या रांगेत कुणाचं दार नेमकं कुठे होतं, हे मला ठाऊक आहे. जो येऊन मागेल त्याला त्याच्या भिंतीवर आतल्या बाजूने खडूने आखून देईन. फोडायचं त्याचं त्याने. कुणी आलंच नाही, तरी माझं दार उघडं राहील, आणि या रस्त्यावरून जो कुणी मिरवत जाईल त्याला या दारापुढूनच जावं लागेल.