शिंदेबाईंच्या क्लासमधली खरी वाक्यं

आमच्या घरात एक खुर्ची आहे, तिच्यावर कधी कोणी बसत नाही. वाळलेले, घडी न घातलेले कपडे तिच्यावर साठत जातात. शिंदेबाईंच्या इंग्रजी क्लासचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आज सई सहलीला गेलीय, खुर्ची आहे तशीच आहे. म्हटलं, निदान किस्से तरी घडी घालून ठेवावेत.

मुळात क्लास लावला तो सईमुळे. माझी मुलगी, तिसरीत, इंग्लिश मीडियमला. एका पालक मीटिंगहून येताना स्कूटीवर मागून म्हणाली, "आई, पुढच्या वेळी पप्पांना पाठव. तू नुसतं येस मिस, येस मिस करतेस. सगळे बघतात."

मी बी.कॉम. फर्स्ट क्लास! सगळं मराठीतून, हा भाग वेगळा. पण भिगवण चौक येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मराठीतसुद्धा!

आणि पप्पा कसले येतात! ते साखर कारखान्यात, शेती खात्यात. ऊसतोडीचा सीझन सुरू झाला की माणूस घरी फक्त मोबाइल चार्ज करायला येतो. म्हणजे मीटिंगला मीच जाणार आणि सई मान खाली घालून बसणार.

*

क्लास पिठाच्या गिरणीच्या वर भरतो. शिंदेबाई रिटायर्ड शिक्षिका. पद्धत एकच. फळ्यावर साधं इंग्रजी वाक्य, शेजारी एक ईडियम. आपण ते वाक्य ईडियम घालून पुन्हा लिहायचं. अट अशी की, वाक्य आपल्या घरातलं आणि खरं पाहिजे.

"खोटं वाक्य संध्याकाळपर्यंत विसरतं गं," बाई म्हणतात. "खरं वाक्य डोकं सोडत नाही."

त्यामुळे आमचं इंग्रजी किती सुधारलं माहीत नाही, पण एकमेकींची घरं मात्र पाठ झाली!

*

वडगाव निंबाळकरच्या कमलकाकू नातवाचा अभ्यास घेता यावा म्हणून येतात. एकदा फळ्यावर वाक्य होतं, "अशोक वर्क्स व्हेरी हार्ड." शेजारी "लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड", म्हणजे प्रयत्नांत कसर न ठेवणे. सगळ्यांचं लिहून झालं, काकूंनी वही मिटून ठेवलेली.

"काकू, वाचा की!"

"न्हाय वाचायची. मालकांचं नाव हाय त्ये."

बाई म्हणाल्या, "मग दुसरं नाव घाला."

"आन मग खोटं न्हाय का व्हायचं? कष्ट तर त्येच करत्यात."

बाई स्वतःच्याच अटीत अडकल्या! शेवटी आम्ही गलका केला, "उखाणा! उखाणा!" काकूंनी पदर सारखा केला.

"बारामतीच्या बाजारात द्राक्षांचं क्रेट,
अशोकराव लीव्ह्ज नो स्टोन अनटर्न्ड, पण घरी येत्यात लेट!"

बाईंनी पैकीच्या पैकी दिले.

*

माळेगावच्या दोघी जावा एकाच बाकावर बसतात. एक दिवस ईडियम आला "टर्न अ डेफ इअर", ऐकून न ऐकल्यासारखं करणे. धाकटी पूजा ताडकन उठली आणि तिनं इंग्रजीत वाचलं की, चहाचे कप धुवा म्हटलं की माझ्या मोठ्या जाऊबाई टर्न्स अ डेफ इअर.

गिरणी खाली चालू होती म्हणून बरं, नाहीतर शांतता फारच जाणवली असती.

मोठीनं पेन उचललं, मागच्या आठवड्यातला ईडियम शोधला आणि बसल्याबसल्या वाचलं, "माय यंगर जाऊ मेक्स अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल." राईचा पर्वत करते म्हणे!

बाईंनी चष्मा काढला. "दोन्ही बरोबर. पण मग कप धुतं कोण?"

"सासूबाई!" दोघी एकदम म्हणाल्या.

क्लास सुटल्यावर पूजा फुरंगटून जिन्यात उभी. पण घरी जायला स्कूटी एकच!

*

माझंही ऐका. "वन्स इन अ ब्लू मून", म्हणजे अगदी क्वचित. मी लिहिलं, "आय स्लीप वन्स इन अ ब्लू मून."

बाई म्हणाल्या, "अतिशयोक्ती. खरं लिही."

मी खोडून लिहिलं की, माझा नवरा जेवल्यावर स्वतःचं ताट वन्स इन अ ब्लू मून उचलतो.

बाईंनी बरोबरची खूण केली. शेजारून कमलकाकू म्हणाल्या, "बये, उचलतो तरी!"

*

मीटिंग जवळ आली तशी घरी रंगीत तालीम सुरू झाली. सई झाली मिस, मी मीच. मी भाकरी थापत वाक्यं म्हणायची. सासूबाईंनी दोन दिवस ऐकलं. मग म्हणाल्या, "आगं, जेवायला कुणी साहेब यायचाय का हितं?"

सई तर फार कडक. "आई, तू मिसशी बोलतेस की कोथिंबिरीचा भाव करतेस?"

त्यात एक वाक्य मला मनापासून आवडलेलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं, "आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक." भीतीनं पोटात कालवाकालव होतेय. सईनं ते लगेच कापलं. "हे नाही बोलायचं हं. मिसला कशाला कळायला पाहिजे?"

*

मग मीटिंग. "सई इज ऑल इअर्स इन क्लास", म्हणजे अगदी कान देऊन ऐकते, वगैरे सगळं तोंडपाठ. मिसनी इंग्रजीतच सांगितलं की सईचं लिखाण छान आहे, पण वर्गात ती तोंडच उघडत नाही. काही विचारलं की मान खाली. असं का?

पाठ केलेलं एकही वाक्य इथं बसेना! मागे पालकांची रांग. सईनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. येस मिस म्हणायला तोंड उघडलं, पण "का"चं उत्तर येस कसं होणार?

खरं लिही, बाई म्हणतात.

"मिस, शी इज अफ्रेड," मी म्हणाले. "लाइक मी. आय ॲम अफ्रेड ऑल्सो."

एक ईडियम नाही. मी सईकडे बघितलंच नाही.

तेवढ्यात माझ्या कोपराजवळून बारीक आवाज आला. "मिस, मे आय रीराइट द सेंटेन्स?"

मिसनी पेन खाली ठेवलं. "येस, सई?"

"माय मदर हॅज बटरफ्लाइज इन हर स्टमक. बट शी केम."

येताना आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, पुढं जायला जागा नाही. मग मागून सई म्हणाली,

"आई, पुढच्या मीटिंगलाही पप्पांचा सीझन असेल ना?"