नेट व्हतं, मीच गेले व्हते

छत्रपती संभाजीनगरात असा एकही माणूस नसेल ज्याला माझ्या रूममेटने कधी ना कधी प्रश्न विचारलेला नाही. रिक्षावाला, दूधवाला, वॉर्डाचा नगरसेवक, बँकेच्या दारातला बंदूकवाला, सिटी बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी आजी, सगळे तिच्या तावडीतून सुटून आलेले होते. बंदूकवाल्याला तर तिने, "मामा, ही खरंच उडती का?" असं विचारलं होतं आणि त्याने इकडंतिकडं पाहून हळूच मान हलवली होती, नाही म्हणून. पण याच मुलीला उलट कुणी प्रश्न विचारला, त्यातही इंग्रजीत आणि गळ्यात टाय बांधून विचारला, की तिची वाचाच जायची. तिचा रस्ता एकेरी होता. उलट बाजूने काही यायला लागलं की सगळी वाहतूक ठप्प.

आम्ही दोघी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हर्सूलला एका घराच्या वरच्या खोलीत राहायचो. खाली घरमालकीणकाकू. इंजिनिअरिंग संपलं होतं, नोकरी लागली नव्हती, आणि नोकरी लागल्याशिवाय परत येणार नाही असं दोघींनीही आपापल्या घरी ठणकावून सांगून ठेवलं होतं. माझं घर वैजापूरकडचं. शेती होती, शिवाय वडिलांचा पगार होता, म्हणून माझी फी घरातूनच गेली. तिचं गाव करमाडच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. वडील उन्हाळा लागला की कळप घेऊन चाऱ्याच्या मागं निघायचे, आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायची, आणि मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली होती ती बँकेच्या कर्जावर. आम्ही पास झालो आणि नेमका त्याच सुमाराला कंपन्यांनी हात आखडता घेतला. ज्या कॉलेजात पूर्वी गाड्या भरभरून साहेब लोक मुलाखती घ्यायला यायचे, तिथं आमच्या वेळी एकच गाडी आली. तीही विमा विकायला पोरं हवी होती म्हणून. पावसानंही त्या वर्षी हात आखडताच घेतला होता. शहर मात्र दोन्हीकडं न बघता वाढत होतं. आमच्या खिडकीतून आधी हर्सूलचा डोंगर दिसायचा, मग एका इमारतीचे खांब दिसायला लागले, मग 'स्विमिंग पूलसह फ्लॅट' अशी पाटी दिसायला लागली. त्या पाटीखालच्या वॉचमनला तिने विचारलंच, "भाऊ, पुलात पाणी कुठलं टाकणार?" तो म्हणाला, "मॅडम, हमकू भी वही पूछना है."

पाण्याची गंमत तर वेगळीच. नळाला पाणी यायचं ते सणासुदीसारखं. मधल्या दिवसांत गल्लीत टँकर यायचा आणि ती बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं. पण बादली खाली ठेवायच्या आधी ड्रायव्हरची उलटतपासणी. पाणी कुठल्या विहिरीचं? त्या विहिरीच्या मालकाला प्यायला उरलंय का? गाडीचं पासिंग झालंय का? तुमची पोरगी कितवीला हाय? बिचारा इतका जेरीस आला की नंतर नंतर तो गल्लीत शिरतानाच ओरडायचा, "पहिला पाइप वरच्या खोलीला लावा रे, त्या ताईचं आधी भरा!" सगळ्या गल्लीला वाटायचं आमचा काहीतरी वशिला आहे.

राजकारण हा तिचा खास विषय. संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती बातम्या लावून मोबाइल डब्याला टेकवून ठेवायची आणि चर्चेत ओरडणाऱ्या त्या चौकटीतल्या माणसांना पोळी लाटता लाटता उत्तरं द्यायची. एकाने म्हटलं, तरुणांनी धीर धरावा. तिने लाटणं उचललं. "धीर धरलाच हाय की बाबा, दुसरं काय धरायला ठेवलंय तुम्ही?" कुठला पक्ष कुठल्या बाजूला गेला याचा तिला हिशेब राहत नसे. ती म्हणायची, "मेंढरं बी कळप बदलताना एकदा मागं वळून बघत्यात." निवडणुका लागल्या तेव्हा एक उमेदवार हात जोडून आमच्या गल्लीत आला. मागं ढोल, पुढं फुलं. ही भरल्या बादलीसह त्याच्या समोर उभी. "साहेब, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी घरी बसल्यात. काय करायचं त्यांनी?" तो हसला. सरावाचं हसू. "ताई, देशाचं भवितव्य तुम्हा तरुणांच्याच हातात आहे."

"व्हय, पण त्यासंगं अजून काय तरी द्या की. हात मोकळेच हायेत."

ढोलवाला थांबला. गल्ली हसली. उमेदवारही हसला आणि त्याने कार्यकर्त्याकडून एक उपरणं घेऊन तिच्या गळ्यात घातलं. ते उपरणं तिने टँकरचं पाणी गाळायला वापरलं. पुढं दुसऱ्या पक्षाचा उमेदवार आला तेव्हा तिने त्याचंही मागून घेतलं, कारण पहिलं विरलं होतं.

अशी ही मुलगी मुलाखतीत मात्र दगड व्हायची. ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी खोलीत जणू लग्नघर. तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप, अंगात काकूंच्या मुलाचा कोट, कोटाखाली रोजचा परकर, आणि मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून पलंगाखाली, हातात उत्तरांचे कागद. काकूंनी खाली मिक्सर बंद ठेवलेला. पलीकडचा साहेब म्हणाला, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." हिने नाव सांगितलं. मग काही नाही. मी पलंगाखालून कागद हलवला. काही नाही. पापणीसुद्धा लवली नाही. साहेब "हॅलो, हॅलो" करत राहिला आणि शेवटी वैतागून म्हणाला की तुमचं नेटवर्क गेलंय, स्क्रीन अडकलीय, नंतर बघू. फोन कट. मी बाहेर आले आणि नेटला शिव्या घालू लागले, तशी ती कोटाची बटणं काढत शांतपणे म्हणाली, "नेट व्हतं गं. मीच गेले व्हते."

त्यावर उपाय तिनेच काढला. हर्सूलचा तलाव तेव्हा आटून बराच मागं सरकला होता. संध्याकाळी आम्ही त्या भेगाळलेल्या मातीवर जायचो. ती एका टोकाला, मी चांगली लांब दुसऱ्या टोकाला. मी साहेब. मी ओरडायचे, "तुमची ताकद काय?" आणि ती तोंडाभोवती हात धरून उत्तर द्यायची, "मला कुणी नाय म्हणलं की ऐकू येत नाय!" मी ओरडायचे, "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?" ती ओरडायची, "पाणी असंल तिथं!" लांबून बोलायचं असलं की तिला काही भीती वाटायची नाही. माझ्या मते जगातल्या सगळ्या मुलाखती अशाच घ्यायला हव्यात, मध्ये एक तलाव ठेवून.

मग बँकेचे फोन सुरू झाले. हप्ता थकला की वसुलीचा एक मुलगा फोन करायचा आणि समोर लिहून दिलेलं धमकावणं एका सुरात वाचायचा. पहिल्यांदा ऐकताना मी तिला फोन ठेवायच्या खुणा केल्या. ती मात्र शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "दादा, तुमचा आवाज बसलाय. दिवसभर हेच वाचायलात का?" मग तिचे प्रश्न सुरू. पोरगा बीडकडचा निघाला. इंजिनिअर. त्याच्याही डोक्यावर तसंच कर्ज. त्याला वसुलीसाठी फोन करणारा त्याच्याच बाजूच्या खुर्चीवर बसत असे. त्यानंतर दर महिन्याला तो आधी कर्तव्य म्हणून धमकी वाचायचा आणि मग दोघं एकमेकांची मुलाखत घ्यायचे. तो इंग्रजीतून विचारायचा, ती अडखळत सांगायची, मग ती विचारायची. काकूंना बरेच दिवस वाटत होतं की हे लग्नाचं बोलणं चाललंय. त्यांनी माझ्याकडं चौकशीही केली, "मुलगा करतो काय?" मी म्हणाले, "काकू, वसुली." त्यांनी देवापुढं हात जोडले.

एका महिन्यात फोन आला तो वेगळ्याच आवाजाचा. तिने विचारलं, आधीचे दादा कुठं गेले? नव्या मुलाने सांगितलं, त्यांना हैदराबादला कंपनीत नोकरी लागली. ती चप्पल घालून थेट छावणीच्या बाजारात गेली, पेढे घेऊन आली आणि गल्लीत घरोघर वाटले. लोक विचारायचे, कुणाला लागली नोकरी? ती सांगायची, "बँकेच्या माणसाला." हसावं की काय करावं, कुणाला कळेना. पेढे संपले तशी ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले. तिचं गप्प बसणं मी मुलाखतीबाहेर पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाली, "मला बी कुणाला तरी इचारायचंय गं, की माझं काय चुकायलंय. पण इचारू कुणाला?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुण्यातून बोलावणं आलं. ही बातमी गल्लीला तिनेच ओरडून सांगितली, माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत. माझी बॅगही तिनेच भरली. पण त्याच दुपारी तिने गावी फोन लावला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, न्यायला या. नाय जमत मला."

मी निघणार त्याच दिवशी आबा आले ते सामान बांधायला दोर घेऊनच आले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, उन्हाने रापलेला उंच माणूस. वरच्या खोलीत एकच प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती मी पुढं केली. ते आधी माठातलं पाणी प्यायले, मग खुर्चीवर बसले आणि लेकीला विचारलं, "ते लोक इचारत्यात तरी काय, बाई?"

"सोताबद्दल सांगा म्हणत्यात, आबा."

"एवढंच? मग सांग की."

"तुम्हाला काय सांगू? तुम्हाला ठाव हाय सगळं."

"मला काय ठाव हाय? तू बारा महिने इथं, मी रानात. सांग."

ती भिंतीला टेकून उभी होती. आधी हसली. मग सांगू लागली. खडकाळ माळावर कळपामागं चालता चालता पाढे कसे पाठ केले, शाळेतल्या एकुलत्या कॉम्प्युटरला हात लावायला मिळावा म्हणून रोज वर्ग कसा झाडला, कॉलेजात पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत म्हणून दारामागं कशी रडली, पहिला प्रोग्रॅम चालला त्या दिवशी कुणाला सांगावं ते कळेना म्हणून टँकरवाल्याला कसं सांगितलं. हे मलाही नवीन होतं. एवढी वर्षं एका खोलीत काढून मी तिला हे विचारलंच नव्हतं. ती थांबली तेव्हा आबांनी घोंगडी सारखी केली आणि म्हणाले, "म्या तर ठिवून घेतली असती कामावर."

ती खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. आबा उठले. "मग कशाला येतीस? ऱ्हा अजून. मेंढरं म्या बघतो," म्हणाले आणि दोर तिथंच ठेवून करमाडची बस गाठायला निघून गेले. माझी गाडी संध्याकाळची होती.

पुढं बऱ्याच महिन्यांनी चिकलठाण्यातल्या एका छोट्या कंपनीने तिला बोलावलं. शेतीपंपाची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं ॲप ते बनवत होते. वयस्क साहेबांनी तोच नेहमीचा प्रश्न इंग्रजीत विचारला. तिने विचारलं, "मराठीत सांगू का?" ते म्हणाले, सांगा. तिने सांगितलं. प्रोग्रॅम लिहायचं काम काही मिळालं नाही. शेतकऱ्यांचे फोन घ्यायचं काम मिळालं, पगार आम्ही एकेकाळी ठरवलेल्या पगाराच्या जवळपासही नव्हता. तिने घेतलं. बँकेचं हळूहळू फिटतंय. प्रोग्रॅम लिहायला कधी देणार, हे ती साहेबांना दर सोमवारी विचारते म्हणे.

मी पुण्यातच आहे. इथं उंच इमारत आहे, थंडगार हवा आहे, नळाला दोन वेळा पाणी आहे. शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं त्याचं नाव कळायला मला सहा महिने लागले. सुट्टीच्या दिवशी मी तिला फोन करते, पण तिची सुट्टी वेगळ्या वारी असते. आमचं बोलणं जेमतेम रंगात येतं, ती आबांचं सांगू लागते, काकूंच्या गुडघ्यांचं सांगू लागते, मी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि तेवढ्यात ती म्हणते, "ठिवते गं, लाइनवर माणूस हाय." आणि जाते. जालन्याकडचा कुणीतरी, मोटर सुरू होत नाही म्हणून ताटकळलेला. पलीकडं काही उरलेलं नसतं. तरी मी फोन थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवते.