गादी पास झाली

रशीदचाचा पिंजारी रामराम-सलामाच्या आधी विचारायचे, "झोप लागते काय?" खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन मोताळ्याच्या बाजारात भेटले, तरी पीकपाणी, तब्येत सगळं नंतर. लोक हसून "हाव चाचा" म्हणत पुढे जायचे. त्या वर्षी मी मात्र मान खाली घातली.

पुण्यातलं शिक्षण अर्धवट टाकून मी घरी आले होते. मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या. वडील बोंडअळीने पोखरलेल्या कपाशीच्या काळजीत, आई वडिलांच्या. माझ्याजवळ उरला मोबाईल. रात्री फोटो टाकायचा, कोणी पाहिला ते बघत बसायचं, की उजाडायचंच. चार माणसांत बसायची धास्ती वाटू लागली होती. आपल्याला वेड लागणार, असं मला खरोखर वाटायचं.

"तुह्यासाठी गादी भरू," चाचांनी निकाल दिला. "पण देशी कापूस पायजे. तुमच्या बीटीचा धागा गिरणीले बरा, गादीत दबून बसते."

आईने बांधावरच्या देशी झाडांचा कापूस वर्षानुवर्षं गोणीत जपला होता. त्यातली सरकी काढायला चाचांनी मलाच बसवलं. "ज्याची गादी, त्याचे हात," हा त्यांचा कायदा. दोन्ही हात गुंतले, मोबाईल बाजूला राहिला. चार दिवसांत गल्लीतल्या बायाही आपणहून येऊन बसू लागल्या. आधी मी मान खाली घालून नुसती सरकी काढायचे. मग एक दिवस इतकी हसले, की आई चुलीपासून उठून बघायला आली.

पिंजायच्या दिवशी आमच्या अंगणात ढगच उतरले. चाचांनी खोळीवर कापूस पसरला, वरून खोळ ओढली, आम्ही दोघांनी टाके घातले. शेवटची गाठ मारली आणि मला मोबाईल आठवला. घर पालथं घातलं. तेवढ्यात गादी गुरगुरली.

"चाचा, उसवा ना!"

"मी कोरी गादी उसवत नाई. पयले झोपून दाखव, मंग उसवतो."

"अशी कशी झोप येईल?"

"काऊन नाई येणार वं? आठ दिवस राबली तू."

चिडून आडवी झाले. पोटाखाली दोनदा गुरगुर झाली, हे आठवतं. डोळे उघडले तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि चाचा गल्लीत उभे राहून ओरडत होते, "पास झाली! गादी पास झाली!" आई हसत होती, डोळे पुसत होती. उसवलेल्या टाक्यांतून मोबाईल निघाला. त्यातल्या शेकडो लोकांच्या गर्दीत माझी चौकशी कोणीच केली नव्हती. आईकडे मात्र तीन बाया विचारून गेल्या होत्या, पोरगी उठली काय म्हणून.

पुढे मी शिक्षण पुरं केलं, मेहकरला नोकरीला लागले. चाची गेल्या आणि चाचांचीच झोप उडाल्याचं कळलं. मी देशी कापूस घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. गावभर गाद्या भरणाऱ्या माणसाच्या घरी धड गादी नव्हती. सरकी काढायला त्यांनाच बसवलं. कायदा म्हणजे कायदा. माझ्या टाक्यांना ते नावं ठेवत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

"झोप लागते काय, चाचा?"

"तू बडबड बंद करशीन, तं लागते."

थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. मी दबक्या पावलांनी बाहेर आले, दार ओढून घेतलं, गल्लीच्या पार टोकाला गेले आणि पदर खोचून बेंबीच्या देठापासून ओरडले, "पास झाली! गादी पास झाली!"