वहिनींनी आखलेला कोपरा

वहिनी गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सनं सांगितली. कोल्हापूरहून परत येत होतो, मोबाइलनं साताऱ्याच्या आधीच मान टाकली होती आणि मांडीवरच्या पिशवीत वहिनींनी मागवलेली गुळाची ढेप होती. स्वारगेटला उतरून रिक्षा केली ती थेट कोथरूडला, त्यांच्याच घरी. त्यांच्या सोसायटीच्या अलीकडच्या चौकात रिक्षा थांबली आणि डावीकडच्या कोपऱ्यावर मला वहिनी दिसल्या. माणसाच्या दुप्पट उंचीच्या. तोच जाड काडीचा चष्मा, तेच ओठ दाबून हसणं. खाली लिहिलं होतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कोणाचं तरी असेल, छापणाऱ्यानं फोटोंची अदलाबदल केली असेल... पण नाव त्यांचंच होतं. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ओळखीच्या होत्या का?”

पहाटे झोपेतच गेल्या होत्या. त्यांची एकुलती मुलगी, माझी पुतणी मुक्ता, दिवसभर मला फोन लावत होती. घरचे सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मी घरी पोचायच्या आधी, देह घरातून हलायच्या आधी, फ्लेक्स मात्र छापून, चौकटीवर ताणून, विजेच्या खांबाला बांधून झाला होता. त्याच चौकातला खड्डा बुजवायला जिथे दोन पावसाळे लागतात, तिथे ही चपळाई! सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फोटो उचललेला. त्याच्याभोवती आमच्या भागातल्या एका इच्छुकाचा आणि त्याच्या कार्यकर्त्यांचा गोतावळा, हात जोडून, गॉगल लावून. इच्छुक असणं हा पुण्यात आता पूर्ण वेळेचा व्यवसाय झाला आहे. आणि मजकूर काय, तर ‘रस्ते सुरक्षेच्या खंद्या पुरस्कर्त्या’. ज्या कोपऱ्यावर एकही फ्लेक्स लागू नये म्हणून वहिनी आयुष्याच्या शेवटापर्यंत भांडल्या, नेमक्या त्याच कोपऱ्यावर. मला त्या दिवशी रडू आलं नाही. संताप आला, आणि तो आज इतक्या आठवड्यांनंतरही उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मालतीवहिनी आमच्या घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. स्थापत्य अभियंता झालेली सून आमच्या आळीत तरी पहिलीच. रस्त्यांची आणि पुलांची आखणी करणाऱ्या एका खासगी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. माझा भाऊ गमतीनं म्हणायचा, हिच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे तपासणीला जाणं. ते खोटं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं सारसबागेत गेली, तर या बाई बागेत न जाता बाहेर उभ्या राहून माणसं रस्ता कुठून ओलांडतात ते बघत बसल्या. भाऊ दोन भेळी घेऊन उभा. शेवटी दोन्ही त्यानंच खाल्ल्या, आणि पुढे जन्मभर ऐकवत राहिला.

निवृत्तीनंतर त्यांनी मोठी कामं सोडून कोपरे हातात घेतले. कोपरे, वळणं, दुभाजकातल्या फटी, शाळेसमोरची ओलांडायची जागा, म्हणजे थोड्या सिमेंटात आणि थोड्या अकलेत होणारी कामं. मी एकदा म्हटलं, “वहिनी, एवढे पूल केलेत, आता हे काय किरकोळ घेऊन बसलात?” त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, पुलावर नाव लावता येतं. कोपरा नीट केला तर पाटी कुठे लावणार? म्हणून ते कोणी करत नाही. आणि माणसं पुलावर नाही मरत हो, कोपऱ्यावर मरतात.”

त्यांचा सगळ्यात जवळचा चौक म्हणजे हाच, घराखालचा. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे शाळेची गल्ली फुटते. गल्लीचं तोंड इतकं ऐसपैस, की मोठ्या रस्त्यावरची गाडी वेग कमी न करता वळते, आणि ते तोंड ओलांडून शाळेची पोरं रोज जातात-येतात. वहिनी या कोपऱ्यावर चक्क उकिडव्या बसायच्या. गुडघे दुखत, साडी धुळीत लोळे, येणारे-जाणारे बघत. “सात वर्षांच्या पोराची उंची धरून बघा,” म्हणायच्या. “तुम्हाला गाडी दिसते, म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्यांना दिसते.” एकदा त्यांनी मलाही खाली बसवलं होतं. मला समोर एका माननीयांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची खालची कड दिसली. आणि काही नाही. गाडी दिसली ती फ्लेक्स संपल्यावर, अगदी अंगाशी आल्यावर.

त्यांची काम करायची एक खास रीत होती. मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की त्या शाळेतल्या पीटीच्या सरांकडून आणायच्या, तळाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या, आणि रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना कोपऱ्याची नवी कड आखायच्या. जुन्या कडेपासून चांगली पुढे, आवळून घेतलेली गोलाई. मग समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसून गाड्या कशा वळतात ते बघायचं. दुकान इक्बालभाई शेखांचं. तीन पिढ्या पुण्यात काढलेलं घराणं, सायकली गेल्या तरी सायकलचं दुकान न सोडलेला माणूस. पहिल्या रविवारी मी हजर होतो. वहिनी वाकून रेघ ओढतायत, आणि इक्बालभाई शटर अर्धवट उचलून विचारतायत, “मॅडम, कोण येणार आहे?”

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फक्की पडते ती मोठा माणूस येणार असला तरच. आदल्या दिवशी खड्डे बुजतात, दुभाजकाला रंग लागतो, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा उमटतात आणि मंत्र्यांचा ताफा गेला की सगळं पूर्ववत होतं. वहिनी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, “येणार आहेत ना. उद्या सकाळी. शाळेतली पोरं.”

इक्बालभाई हसले नाहीत. त्यांनी आतून स्टूल आणून दिलं.

आणि गंमत अशी, की रेघेचा उपयोग झाला. सिग्नलला न जुमानणारा पुणेकर फक्कीला बिचकला. त्याला वाटलं, कोणीतरी बडं येणार, पोलीस कुठेतरी उभे असणार, उगीच नसती आफत नको. मोटारी रेघेबाहेरून, सावकाश वळायला लागल्या. दुचाकीवाल्यांनी फक्की तुडवली, ते तर देवळातून रस्ता असला तर तिथूनही गाडी घालतील, पण वेग त्यांचाही मोडला. संध्याकाळी कोपऱ्यापाशी बरीचशी फक्की शाबूत होती. वहिनी ती दाखवून म्हणाल्या, “बघा, एवढी जागा गाड्यांना लागतच नाही. ती पोरांना द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.”

एवढंच म्हणणं पटवायला त्यांची उरलेली वर्षं गेली. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, कारण नाव घेतलं की ते खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतं. एकदा मी बरोबर गेलो होतो. साहेब तरुण होते, नम्र होते, चहा मागवला. म्हणाले, “मॅडम, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. पण तिथे मृत्यूची नोंद आहे का?”

“नाही.”

“मग ते प्राधान्यात बसत नाही हो.”

“म्हणजे आधी कोणीतरी जायला हवं.”

“तसं नाही, मॅडम...”

“तसंच आहे. तुम्ही फक्त सांगा, लहान चालेल की मोठं?”

साहेबांनी चहाच्या कपाकडे बघितलं. वहिनींनी स्वतःचा कप तसाच ठेवला आणि उठल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “भाऊजी, वाईट माणूस नाही तो. त्याला तसं शिकवलंय. मेलेला मोजता येतो, वाचलेला मोजता येत नाही.”

नंतर त्याच कोपऱ्यावर एका आजोबांना गाडीनं उडवलं. नातवाला शाळेत सोडून परतत होते. खुबा मोडला, पण वाचले. आणि वाचले म्हणून चौक पुन्हा अपात्र ठरला! हे मी रंगवून सांगत नाही. वहिनी आजोबांना भेटायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, “तुमचं काम माझ्यामुळे अडलं म्हणा की.” दोघं हसली म्हणे. मला ते हसू अजून बोचतं.

काहीच झालं नाही असं नाही. एकदा झेब्रा पट्टे मारले गेले, ते थेट दुभाजकाच्या लोखंडी जाळीत जाऊन संपत होते. ओलांडणाऱ्यानं पुढे उडी मारायची की परत फिरायचं, हे पट्टे मारणाऱ्यालाच ठाऊक. मग एकदा, कोणाच्या तरी कृपेनं, वहिनींनी आखलेल्या गोलाईवर प्लॅस्टिकचे लवचीक खांब लागले. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. काही महिने पोरं त्या खांबांच्या आड उभी राहून, नीट बघून रस्ता ओलांडत होती, आणि वहिनी गॅलरीतून त्यांना बघत असायच्या. मग मिरवणुकीला अडथळा होतो म्हणून खांब उपटले. “मिरवणूक गेली की परत लावू,” म्हणाले. ती मिरवणूक गेली, पुढच्या वर्षीचीही गेली. आता तर वहिनीच गेल्या.

दिवसकार्य चालू होतं तेव्हा मी फ्लेक्सबद्दल गप्प राहिलो. तेराव्यानंतर इच्छुकांच्या कचेरीत फोन केला. एक कार्यकर्ता अतिशय आदबीनं म्हणाला, “काका, दादांनी स्वतः लावायला सांगितलाय. तुमच्याच वहिनींचा फोटो आहे. काढला तर वाईट दिसेल.” खात्यात सांगितलं, तर उत्तर आलं, “श्रद्धांजलीचा आहे हो, भावना दुखावतात लोकांच्या. वाढदिवसाचा असता तर उचलला असता.” वाढदिवसाचेही कधी उचलले नव्हते, ते सोडा. म्हणजे वहिनी जिवंत असताना ज्यांनी त्यांचा शब्द उचलला नाही, त्यांना त्या गेल्यावर त्यांचा फोटो उचलवेना. माणूस बोलतो तोवर कटकट, आणि मेला की वंदनीय!

गेल्या आठवड्यात शाळा सुटायच्या सुमारास मी आणि मुक्ता त्या चौकात उभे होतो. फ्लेक्सच्या आडून एक मुलगी बाहेर आली, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, आणि वळणारा टेम्पो तिच्यापुढे हातभरावर करकचून थांबला. टेम्पोवाला ओरडला, “दिसत नाही का?” मुलगी रडायला लागली. तिला दिसत नव्हतंच, आणि त्यालाही ती दिसत नव्हती. दोघांच्या मध्ये माझी वहिनी उभी होती. ज्या बाईनं जन्मभर पोरांना रस्ता दिसावा म्हणून गुडघे झिजवले, तिचाच चेहरा एखाद्या पोराच्या जिवावर उठला होता. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी स्वतः तो टराटरा फाडला असता.

मी रस्ता ओलांडून इक्बालभाईंकडे गेलो आणि कात्री मागितली. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. कात्री दिली आणि स्टूल घेऊन मागोमाग आले. मुक्तानं स्टूल धरलं, मी चढून दोऱ्या कापायला लागलो. दहा माणसं जमली. एक गृहस्थ तावातावानं पुढे आले. “अहो, काय करताय? मेलेल्या माणसाचा फोटो खाली ओढताय? लाज वाटत नाही?”

मी वरूनच म्हटलं, “माझी वहिनी आहे. ही मुलगी आहे तिची. आणि तुम्हाला गाडी दिसतेय का ते जरा खाली बसून बघा.”

ते बसले नाहीत. पण इक्बालभाई बसले. सत्तरीचा माणूस, गुडघ्यांवर हात टेकून, कोपऱ्यावर उकिडवा. वहिनी बसायच्या तसा. शेवटची दोरी तुटली, चौकट खाली आली, आणि ते म्हणाले, “आता दिसतंय.”

फ्लेक्सची गुंडाळी वहिनींच्या गॅलरीत पडून आहे. टाकवत नाही, ठेववत नाही. त्याच गॅलरीत, कुंड्यांच्या मागे, तळाला भोकं पाडलेला तो पत्र्याचा डबा सापडला. निम्मा भरलेला. फक्कीला पावसाळी हवेनं गाठी आल्या होत्या. मुक्तानं त्या मुठीनं फोडल्या. या रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. मला गोलाई काही जमेना, रेघ सारखी वाकडी जात होती. शेवटी मुक्तानं डबा माझ्या हातातून काढून घेतला. आईचा हात तिच्याकडे आलाय. इक्बालभाई पायरीवर बसून बघत होते. त्यांच्या दुकानात हवा भरायला थांबलेल्या एका माणसानं आमच्याकडे बोट करून विचारलं, “कोण येणार आहे हो?”

मी कमरेवर हात ठेवून सरळ झालो, पण उत्तर पायरीवरून आलं.

“येणार आहेत,” इक्बालभाई म्हणाले. “उद्या सकाळी. शाळेतली पोरं.”