आतल्या कडेने झिजणारा टायर

आमच्या दुकानांच्या ओळीत त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याचं दुकान होतं चाकांच्या अलाइनमेंटचं. गाडी फाटकातून आत येताना नुसती बघून तो सांगायचा, "डावं चाक वरून आत झुकलंय." मग मशीनवर तेच निघायचं. माझं बॅटरीचं दुकान त्याला लागूनच. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे ऐकायचं नसलं तरी तिकडचं सगळं ऐकू यायचं.

गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी तो टायरजवळ उकिडवा बसायचा. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. मग टायरवरून तळहात आडवा फिरवायचा. एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखा लागला, तर चाकांची तोंडं वाकडी. "साहेब, रोज एकाच कुशीवर झोपणाऱ्याचा एकच कान चपटा होतो, तसं आहे हे," म्हणायचा. गिऱ्हाईक हसायचं आणि किल्ली त्याच्या हातात द्यायचं.

त्याची ताई आणि दाजी दोन गल्ल्या सोडून राहायचे. दाजींचा छापखाना बंद पडला तेव्हा त्यांचं वय बावन्न. वर्षभर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर जायची, घर तिच्यावर चालायचं. मग दाजींनी एक जुनी व्हॅन घेतली आणि कारखान्यातल्या बायकांची ने-आण करायला लागले. नऊ बायका मागे, ताई पुढे त्यांच्या शेजारी. ओळंब्याला गाडी घेतल्यावर दाखवली, घेण्याआधी नाही. मेहुण्याला विचारून गाडी घ्यायची म्हणजे दाजींच्या मानाला कमीपणा.

चार महिन्यांत पुढचा डावा टायर आतल्या कडेने पार गेला. ओळंब्याने नवा टायर घातला, चाकं सरळ लावून दिली. दाजी म्हणाले, "रस्तेच तसले आहेत, गाडी काय करणार!" तीन महिन्यांनी तोच टायर, तीच कड. त्याने चाकामागचा बॉलजॉइंट बदलला, रबरी बुश बदलले, पुन्हा चाकं सरळ लावली. मशीनवर आकडे हिरवे झाले, म्हणजे मापात बसले. दाजी खूश.

तिसऱ्या वेळी मात्र तो मशीनकडे गेलाच नाही. गाडी उचलून धरली आणि खालच्या सांगाड्यातल्या चार ठरावीक भोकांतून एकेक करून ओळंबा सोडला. खरा, दोरीचा. जमिनीवर जिथे टोक टेकलं तिथे खडूने खूण केली. गाडी बाजूला काढून त्या चार खुणांचे दोन्ही कर्ण टेपने मोजले. टेपचं एक टोक मी धरलं होतं. दोन्ही सारखे यायला हवेत. एक दुसऱ्यापेक्षा बावीस मिलिमीटरने लांब निघाला. त्याने पुन्हा मोजलं. मग गाडीखाली शिरून चाकाच्या बैठकीपाशी नखाने रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा जाडजूड व्रण. कधीतरी जोरदार आपटलेली गाडी कुणीतरी जोडून, रंगवून विकली होती.

"दाजी," तो म्हणाला, "गाडीचा सांगाडाच वाकलाय. मी आकडे बसवू शकतो, गाडी बसवू शकत नाही. ही मागून एकीकडे आणि पुढून दुसरीकडे चालते. आणि तो वेल्डिंगचा जोड किती दिवस धरेल, मला माहीत नाही."

दाजींनी त्या खडूच्या खुणांकडे बघितलं.

"म्हणजे मला गंडवलं, असं म्हणतोस?"

"तुम्हाला कसं कळणार? रंगाखाली होतं."

"तुला कळलं असतं. तेच म्हणतोयस ना?"

दुसरा कुणी असता तर ओळंब्याने किल्ली काढून घेतली असती. पण बहिणीच्या नवऱ्याशी भांडण म्हणजे बहिणीच्या दारात काटे पसरणं. "मागच्या वेळी मशीनवर हिरवं आलं होतं ना? मग झालं," म्हणून दाजी गाडी घेऊन गेले. त्यानंतर ते दुसऱ्याच दुकानात जायला लागले.

ओळंबा ताईकडे गेला, दाजी घरी नाहीत असं बघून. पुढचं त्यानेच मला सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या गाडीसाठी ते सकाळी उठून दाढी करतात रे. वर्षभर ज्या माणसाने आंघोळीला उठायला नको म्हटलं, तो आता बूट पॉलिश करून निघतो. तू म्हणतोस ती गाडी काढून घे. घेते. आणि त्यांना कुठे ठेवू?"

"ताई, तू बसतेस त्यात."

"किती दिवस चालेल?"

"सांगता येत नाही. दोन वर्षं चालेल, नाहीतर आज संध्याकाळपर्यंत."

"असं तर माझंही सांगता येत नाही," ती म्हणाली आणि हसली. त्याला हसू आलं नाही.

शेवटी दोघांनी मिळून अर्धवट काहीतरी ठरवलं. कुणाचंच धड समाधान न करणारं. त्याने तिला टायरवरून हात फिरवायला शिकवलं. आतल्या कडेला बोटं कशी न्यायची, करवत कशी ओळखायची, रबरातून टायरची तार दिसली तर त्या दिवशी गाडीत पाऊलच टाकायचं नाही. शिलाईवालीची बोटं ती, एका दिवसात शिकली. करवत लागली की फोन करायची. मग ओळंबा नवा टायर त्या दुसऱ्या दुकानात पोचवायचा आणि तिथल्या माणसाला सांगायचा, माझं नाव काढू नकोस.

"टायर मी सांभाळतोय," तो एकदा मला म्हणाला. "जोड कोण सांभाळतंय, बॅटरीवाले?"

मी म्हटलं, "त्या बायकांना तरी सांग."

तो गेलाही होता. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. बायका बाहेर आल्या. त्यातली एक ओरडली, "अगं, ताईचा भाऊ! दादा, तुमच्या दाजींना सांगा, गाडी जरा हळू. आमच्या पोटातलं पाणी हलतं." सगळ्या हसल्या. दाजी गाडीचा आरसा पुसत होते. त्यांनी वर बघितलं. तेवढ्या वेळात ओळंब्याचं तोंड उघडलंच नाही. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडीत एकही बाई बसली नसती," तो मला म्हणाला. "तेच तर हवं होतं ना मला? मग जीभ का उचलली नाही?" मीही त्या फाटकाशी जाऊन काही बोललो नव्हतो.

पुढे सात महिने काही झालं नाही. तो रोज सकाळी शटर वर करून दारात उभा राहायचा. व्हॅन समोरून गेली की तिची मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नाहीत, हे त्याने दाखवल्यापासून मलाही दिसायला लागलं होतं. ती गेली की तो आत जायचा. संध्याकाळी परत येईपर्यंत त्याचं कामात लक्ष नसायचं.

एका दुपारी पाळी बदलताना, कारखान्याच्या फाटकात वळताना तो जोड तुटला. वेग काहीच नव्हता. चाक गाडीखाली दुमडलं आणि गाडी आवाराच्या भिंतीवर गेली. एका बाईचा पाय मोडला, दोघींच्या डोक्याला टाके पडले. ताईच्या खांद्याचं हाड मोडलं. दाजींना खरचटलंसुद्धा नाही. सगळ्या वाचल्या, लोक म्हणाले, नशीब बलवत्तर.

मी ओळंब्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. दाजी बाकावर बसले होते, हातात ताईची चप्पल. याला बघितल्यावर उठले.

"टायर तर तूच बदलायचास," ते म्हणाले. "मला काय माहीत नव्हतं? मी म्हटलं, हा बघतोय म्हणजे गाडीत दम आहे."

मला वाटलं, आता तरी हा सांगेल, की मी खुणा करून दाखवलं होतं, की तुम्हीच ऐकलं नाहीत. तो खाली मान घालून उभा राहिला. नर्सने आत बोलावलं, तेव्हा दाजी एकटेच गेले.

व्हॅन भंगारात गेली. मोडलेल्या पायाच्या बाईचा नवरा दाजींच्या दारात येऊन खूप बोलून गेला. त्याचं काही चुकलं असं कुणीच म्हणणार नाही. ताई तीन महिन्यांनी कामावर गेली, आता घड्या घालायच्या विभागात.

ओळंब्याचं दुकान चालू आहे. दर सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे जातो. त्याची चाहूल लागली की दाजी आतल्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. ताई चहा टाकते. "बस, येतील," म्हणते. हा चहा पितो, भाच्यांच्या अभ्यासाची चौकशी करतो, एकदा दाराकडे बघतो. मग ताई पुन्हा म्हणते, "बस ना अजून थोडा." तो अजून थोडा बसतो.